केशवने दोर सोडला नाही

७ फेब्रुवारी
दोर तपासून ठेवले. उद्या राहुरीचे पाच पाहुणे घेऊन जायचेत. सांदण दरीतून खाली, तीन कडे दोराने, संध्याकाळी पायथ्याच्या डेहणे गावाला बाहेर. नेहमीचंच. पहिल्या कड्याशेजारी आग्या मोहळं यंदा जास्त आहेत. आत्या म्हणाली, "आठ दिस ऱ्हाऊ दे की. दरी कुठं पळून चालली?" नवऱ्याचं, केशवचं म्हणणं, माश्या त्यांच्या जागी, आपण आपल्या. आई आणि लेक, दोघंही मध काढणाऱ्या घरातले. मी आत्याची सून आणि भाचीही. ऐकू कुणाचं?

८ फेब्रु., सकाळ
मंडळी आली. वैशालीताई (शाळेत शिकवतात), त्यांचे मिस्टर, तीन मित्र. दरीच्या तोंडाशी वाघोबाला नारळ. ताईंनी विचारलं, हे कशासाठी. म्हटलं, आमची कोळी महादेवांची माणसं पूर्वीपासून ह्या वाटेने कोकणात उतरायची, विचारल्याशिवाय कुणी उतरत नाही. ताईंनी बूट काढून हात जोडले.   

९ फेब्रु., तालुक्याचा दवाखाना
काल काय झालं ते लिहून काढते, नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

पहिल्या कड्यावर मी आधी उतरले, खालून दोर धरायला. केशव वर, जादा दोर माणसाच्या कमरेला बांधून तो सोडत राहायला. चौघं नीट उतरले. ताई शेवटी. अर्ध्यावर आल्या आणि थांबल्या. "मला नाही जमत हो." मी म्हटलं, पाय भिंतीला लावा, माझ्याकडे बघू नका. तेवढ्यात घारीएवढं एक पाखरू पोळ्यावर आपटलं, तुकडा तोडून घेऊन गेलं. मग तो आवाज. तो आवाज अजून...

माश्या आधी वर गेल्या. केशवकडे. मी ओरडले, "दोर बांध आणि पळ." बांधला असता तर ताई तिथेच लटकल्या असत्या. तो पळाला नाही. दोर येत राहिला, सावकाश, एकसारखा. दोर येतोय म्हणजे केशव उभा आहे, एवढंच कळत होतं. ताईंचे पाय जमिनीला लागले आणि वरचा उरलेला दोर सगळाच्या सगळा खाली येऊन पडला.

शिट्टी मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही.

वर पक्क्या बांधलेल्या दुसऱ्या दोरावरून मला चढता आलं असतं. पण वर माश्या उठलेल्या, खाली पाच माणसं, दोघांचे चेहरे सुजलेले. पुढच्या कड्यांचा दोर माझ्या पाठीवर. मी निघाले. केशवकडे पाठ करून निघाले. ताई म्हणत होत्या, "आपण परत जाऊ, ते माझ्यामुळे..." मी म्हटलं, "ताई, तुम्ही फक्त माझ्या मागे चला." पुढच्या दोन्ही कड्यांवर गाठी तीन-तीनदा बघितल्या. हातांवर विश्वास राहिला नव्हता.

डेहण्यात रेंज आली. घरी फोन लावला. वाजतोय, वाजतोय. आत्याने उचलला. "श्वास हाय. धूर करून गावची पोरं आत शिरली, गोधडीत घालून आनला. बोलत न्हाई. तू ये."

१० फेब्रु.
तोंड ओळखू येत नाही. डॉक्टर म्हणतात, विषाने किडनीवर आलंय. लघवी चहासारखी झालीय. नगरला न्या.

गाडीत घालताना एक डोळा किलकिला केला. "बाई पोचली का?"
"पोचली."
"मंग झालं."
मला राग आला. मी पोचले का, ते नाही विचारलं. आत्तेभाऊ म्हणून लहानपणापासून नावाने हाक मारते ह्याला. असाच आहे.

१२ फेब्रु., नगर
डायलिसिस. रक्त नळीतून बाहेर जातं, परत येतं. बघवत नाही आणि नजर काढायची भीती वाटते.

वै. ताई आल्या. आत्यापुढे उभ्या, रडायच्या बेतात. आत्या म्हणाली, "बस. जेवलीस का?" दोघी बाकावर बसून राहिल्या. आत्याने भाकरीचा अर्धा तुकडा दिला, ताईंनी खाल्ला.

१३ फेब्रु.
काही फरक नाही. पंख्याचा आवाज सहन होत नाही, बंद केला तर बाकीचे पेशंट बोलतात. बाहेर जाऊन उभी राहिले.

१५ फेब्रु.
थोडी लघवी झाली. आत्याने सिस्टरचा हात धरला, सोडेना. डॉक्टरांना विचारलं, किडनी सुधारेल ना? म्हणाले, सुधारते पुष्कळांची, आत्ताच शब्द देता येत नाही.

दुपारी सरपंचांचा फोन. गावाची बैठक आहे. दरी बंद करावी असं काहींचं म्हणणं, काही म्हणतात निम्म्या घरांच्या चुली तिच्यावर आहेत. "तुमी दोघं म्हनाल तसं करू. तू सांग." म्हटलं, नंतर बोलते.

केशवने विचारलं, कोण हुतं?
म्हटलं, कुणी नाही.
त्याने माझ्याकडे बघितलं. सूज उतरलीय आता, डोळे चुकवता येत नाहीत. म्हणाला, "सरपंचाचा परत फोन आला तर माझ्याकडं दे."

मोबाईल बंद करून आत्याच्या पिशवीत तळाशी घातलाय.