खाट नंबर अकराचा पावणा

२७ जाने., मंगळ.
म्युझियमची मुलगी मृणाल परत आली. शाहूपुरीतून स्कूटरवर येते, चहाला कधी नाही म्हणत नाही. प्रदर्शनाचा विषय पक्का झाला, लढाईच्या दिवसांतले खेळ. माझा फोटो मोठा करून लावणार. एकाहत्तरची लढाई संपल्यानंतरचा, पुण्याच्या लष्करी इस्पितळातला. दोन खाटांना मच्छरदाणीची दोरी बांधलेली आणि फरशीवर बसून आम्ही दोघं व्हॉलीबॉल खेळतोय. दोघांत मिळून पाय दोन.
फोटोखालचा मजकूर तिनं वाचून दाखवला. डावीकडे माझं नाव, हुद्दा, गाव. "उजवीकडे अनोळखी सैनिक."
डोकंच फिरलं. म्हटलं, "अनोळखी कसला? दोन महिने शेजारच्या खाटेवर होता की!"
"मग नाव सांगा ना आजोबा." वही उघडून बसली.
मला सांगता येईना.

२८ जाने.
विसरलो असतो तर एक वेळ ठीक. मी विचारलंच नव्हतं. तो मला पावणं म्हणायचा, मी त्याला पावणं. आपल्याकडची खोड. सिस्टर खाटेच्या नंबरानं हाक मारायच्या, तो अकरा, मी बारा. पलटण वेगळी. बोलणं सीमाभागातलं, मध्येच कानडी. त्याच्या खाटेला कागद टांगलेला असायचा, त्यावर नावगाव सगळं असणार. मान वळवून वाचायला काय झालं होतं?
सौ. म्हणाली, "लगीन ठरवताना माझ्या मामाच्या मामाचं नाव इचारलंसा. आन् हितं शेजारच्याचं न्हाय इचारलं?"


३ फेब्रु., मंगळ.
मृणालनं माझ्याबद्दल लिहिलंय, "स्वतःच्या जिद्दीच्या बळावर पुन्हा उभे राहिले." खोडायला लावलं. जिद्द कुणाची ते मला माहीत आहे.
तालमीत वाढलेला गडी मी. पाय गुडघ्याखाली गेला, म्हणजे कुस्ती गेली, म्हणजे सगळंच गेलं, असं धरून भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. जेवण नको, बोलणं नको. रोज सकाळी पाठीत चेंडू बसायचा. "परत टाका की पावणं!" सिस्टर त्याला झापायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंडू, पुन्हा तेच. नवव्या दिवशी असा संतापलो, वळलो आणि त्याच्या तोंडावरच हाणला. ओठ फुटला. लेकाचा हसत होता. "आता कसं!"
त्या दिवशी जेवलो. पुढे शाळेत शिपाई झालो, तीस वर्षं संध्याकाळी पोरींना व्हॉलीबॉल शिकवला, संसार झाला, नातवंडं झाली. सगळं त्या जेवणापासून धरतो मी.
एक दिवस ड्रेसिंगला नेलं होतं. परत येतो तर अकरा नंबर रिकामी, चेंडू माझ्या उशीवर. मी अजून दोन महिने तिथं होतो, तो परत दिसला नाही. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आता सत्त्याहत्तरावं चालू आहे. एकदा समोर बसून त्याला सांगायचंय, बास.

८ फेब्रु., रवि.
उद्घाटन. गर्दी चांगली. एका दालनात तालमीची लाल माती पसरलीय, भोवती दोरी, पाटी "हात लावू नये". कुणाला सांगता! जो येतो तो चपला काढतो, दोरीखालून हात घालतो आणि माती कपाळाला लावतो. मृणाल रडकुंडीला आलेली. "आजोबा, तुम्ही तरी सांगा ना यांना!" माझ्याच कपाळावर होती, मी काय सांगणार?
फोटोखालचं 'अनोळखी' मात्र तिनं काढलं. आता लिहिलंय, "उजवीकडचे कोण? ओळखत असाल तर कळवा." खाली आमच्या घरचा नंबर. गुणी पोरगी.

१२ फेब्रु., गुरु.
जोतिबावरून एका नारळवाल्याचा फोन. "आमचं चुलतं हायत ते! शंभर टक्के!" अर्धा तास नुसता तरंगत होतो. मग विचारता विचारता कळलं, चुलत्यांचे दोन्ही पाय शेवटपर्यंत शाबूत होते.
सौ. अजून हसतेय.

१७ फेब्रु., मंगळ.
निपाणीच्या पुढच्या एका गावातून फोन. सुरेखाबाई, शिक्षिका. शाळेची सहल घेऊन प्रदर्शनाला आल्या होत्या, फोटोचा फोटो काढून घरी वडिलांना दाखवला. वडील त्याच इस्पितळात, त्याच वॉर्डात होते. एक पाय नाही. हयात आहेत! कानानं अधू, त्यामुळे फोनवर बोलणं जमत नाही. नीट विचारून उद्या सांगते म्हणाल्या.
सौ.नं हातावर साखर ठेवली.

१८ फेब्रु.
तो नव्हे.
सुरेखाबाईंचे अप्पा नंतर आले, पावणा गेल्यावर. खाट समोरच्या रांगेत. मी म्हटलं, बरं, तसदी दिली, आणि फोन ठेवणार होतो.
"ठेवू नका. उजवीकडच्यास्नी वळखत न्हाईत. पण डावीकडचं कोण, म्हणून अप्पा सारखं इचारत्यात."
"का हो?"
"अप्पा तवा कुणाशी बोलायचे न्हाईत. एक कान मोडलेला पैलवान समोरनं रोज चेंडू मारायचा म्हणं. लई शिव्या घातल्या त्याला. आन् मग एक दिवस उठून बसले. चोपन्न वर्षं त्याचं नाव काढत्यात... म्हंजे नाव ठाऊक न्हाई, पैलवान म्हणत्यात. तुमचा कान...?"
मोडलेलाच आहे. दोन्ही.
सौ.नं फोन घेतला, पत्ता लिहून घेतला. अप्पांचं नाव मी बाजूनं ओरडून तिला विचारायला लावलं. मल्लाप्पा.

२१ फेब्रु., शनि.
उद्या जायचं. तीन दिवस आठवतोय, मल्लाप्पा काही आठवत नाहीत. चेंडू हातात होता, दिसेल त्याला मारत होतो. कुणाला लागला, कोण उठला, काही ध्यानात नाही.
सौ. म्हणते, "आठवत न्हाय असं तोंडावर म्हणू नगासा."
खोटं बोलू? आज पहिल्यांदा मनात आलं, पावण्यालाही मी आठवत नसेन. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण नाही वाटलं. उलट हलकं वाटलं.
मृणालला सांगितलं, फोटोखालचा प्रश्न तसाच राहू दे.
गाडी सकाळी सातची. तिथं काय बोलायचं ते अजून ठरत नाही. पण त्यांनी हात जोडायच्या आत मी जोडणार.