ओट्यामागची काच

बाबा, ओट्यामागची तुमची काच फुटली. तुम्ही गेल्यानंतरही बारा वर्षं टिकली आणि गोकुळाष्टमीच्या सकाळी चहा ठेवताना मला दिसलं, मधोमध चीर गेलेली.

तो रविवार मला अजून आठवतो. मी नऊ वर्षांची. ठाण्याजवळ दिव्यातल्या या घरात येऊन वर्षही झालं नव्हतं आणि ओट्यामागच्या खांबाला भेग पडलेली. तुम्ही वागळे इस्टेटमधल्या शेड दुरुस्त करून घेणारे सुपरवायझर, तुमची रीत ठरलेली: भेगेवर आडवी काचेची पट्टी, दोन्ही टोकांना प्लास्टर, शेजारी पेन्सिलीने तारीख. भेग हलली की काच फुटणार. आई म्हणत होती, आधी लिंपून टाका ना ते, पाहुणे बघतात. तुम्ही हसून काम करत राहिलात. आठवड्याने माझ्या हातून लाटणं लागून ती पट्टी फुटली आणि मी तुमच्या पेटीतली दुसरी गुपचूप चिकटवली. माझं प्लास्टर म्हणजे नुसता चिखल. तुम्ही लगेच ओळखलंत. "फुटली तर येऊन सांगायचं. तू लपवलंस, आता भिंतीकडे बघून मी काय समजू?" एवढंच म्हणालात आणि माझा चिखल खरवडून स्वतः नवी पट्टी लावलीत. मला ते फार लागलं.

आता मीही वागळे इस्टेटमध्येच बसते, परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना स्पॅनिशमध्ये उत्तरं देत. "दिव्यात कोणाशी बोलणार गं स्पॅनिश?" असं चिडवायचात. कोणाशीच नाही, बाबा, आणि तेच बरं पडलं. ऑफिसात आमचा क्लास असतो. परवा बाईंनी बदलाचं एक क्रियापद दिलं, एंपेओरार, म्हणजे बिघडणं, आणि ते चालू असलेल्या रूपात घेऊन घरातलं एक वाक्य करायला सांगितलं. बाकीच्यांनी तब्येत, ट्रॅफिक असलं काहीबाही केलं. माझ्या तोंडून निघालं, ला ग्रिएता एस्ता एंपेओरांदो. भेग बिघडत चाललीय. बाई म्हणाल्या, छान, अगदी बरोबर.

मराठीत मला ते एकदाही म्हणता आलेलं नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, बाबांची काच शाबूत आहे ना?" या बिल्डिंगचा अजून तुमच्यावर भरवसा आहे. मी म्हटलं, "आहे." आदल्याच दिवशी मी नवी चिकटवलेली. मग घाई नाही म्हणून भेग तपासायला इंजिनिअर दिवाळीनंतर बोलवायचा ठरला. काय करू? बिल्डिंग रिकामी करा म्हणाले तर अंथरुणाला खिळलेल्या आईला कुठे नेऊ मी? भीती वाटते हो. ती नवी महिनाभर टिकली, पुढची नऊ दिवस, त्यापुढची चार. माझं प्लास्टर आता तुमच्यासारखं सफाईदार होतं. आज सकाळी आणखी एक लावली. आता दुपार आहे, खालच्या मजल्यावरची पोरं शाळेतून आलीत, त्यांचा दंगा ऐकू येतोय, आणि हे लिहिता लिहिता स्वयंपाकघरातून कट्ट असा आवाज आला.

मी उठून बघितलेलं नाही. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तर इतकं भडाभडा लिहिलं. ज्यांच्या हातात द्यायला हवं ते सेक्रेटरी दोनच मजले खाली राहतात, आणि आत्ता घरी आहेत.