आठ दिवस डिझेल बंद

रेवदंडा,
शुक्रवार

प्रिय सोनल,

तू मोबाइलवर पाठवलेला फ्लेक्सचा फोटो मिळाला. तुझ्या बाबाचं तोंड एवढं मोठं केलंयस की सदूने बघितलं असतं तर लाजून होडीखाली जाऊन बसला असता. खाली लिहिलंयस, 'रेवदंड्याने करून दाखवलं, पुन्हा करून दाखवू.' आणि त्याच्याखाली माझं नाव. रविवारी बंदरावर सगळ्यांना नारळावर हात ठेवून बहिष्काराची शपथ मी द्यायची, असं तू ठरवून टाकलंयस. मी तुला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तू 'बोला काका' म्हणालीस आणि मी 'जेवलीस का' एवढं विचारून ठेवून दिला. म्हणून हे पत्र. दहावीनंतर मी एवढं कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. रविवारच्या आत वाच, आणि माझं नाव तिथे ठेवायचं की पुसायचं ते ठरव.

तीन वर्षांपूर्वी तू अलिबागला होस्टेलवर होतीस. तेव्हाचं तुला जे माहीत आहे ते सगळं लोकांकडून ऐकलेलं. माझ्याकडून ऐक. डिझेल वाढत चाललं होतं, एका फेरीचं डिझेल आणि बर्फ वजा जाता हातात जाळ्याची भोकं राहत होती. कुठून तरी मोबाइलवर निरोप फिरत आला की गिऱ्हाइकाने आठ दिवस पाठ फिरवली की कंपन्या गुडघ्यावर येतात. मी तो वाचला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. सभा घेतली, नारळ ठेवला, आठ दिवस डिझेल घ्यायचं नाही आणि टाकी कोरडी ठेवायची अशी शपथ दिली, खाडीपलीकडच्या कोर्लईवाल्यांनाही घेतलं. रोज सकाळी हातात काठी घेऊन बोटीबोटीवर चढायचो आणि प्रत्येकाच्या टाकीत काठी घालून बघायचो. भिकूच्या टाकीत काठी दोन बोटं ओली निघाली. मी त्याला चारचौघांत कान धरायला लावले. पोरं शिट्ट्या मारत होती, त्याची बायको तिथेच उभी होती. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

रावजीच्या पंपावर मी चौथ्या दिवशी मुद्दाम गेलो, त्याचं पडलेलं तोंड बघायला. तो पंख्याखाली बसून पेपर वाचत होता. म्हणाला, "गणा, भाव माझ्या हातात असता तर मीच तुला फोन केला असता की. आणि तुम्ही जाणार कुठे? आज नाही तर सोमवारी येणारच." मी त्याला नाही नाही ते बोलून आलो. पण सोनल, त्याचंच खरं ठरलं. नवव्या दिवशी पंपावर कॅनांची रांग रस्त्यापर्यंत आली होती, आठ दिवसांचं डिझेल त्याने दोन दिवसांत विकलं. एखादा साबण नको म्हटलं तर माणूस दुसरा साबण घेतो. डिझेलला दुसरं काय घेणार? सगळा देश महिनाभर खरोखरच चाकं थांबवून बसला तर काय होईल ते मला सांगता येत नाही. कदाचित होईलही काही. मी फार शिकलेला नाही, तू बघ.

दुसरं काय, याचं उत्तर मात्र तेव्हा मला सापडलं होतं असं वाटलं. शीड. आपले आजे-पणजे काय डिझेल पीत होते का, असं मी भर सभेत ओरडलो. सकाळी जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्याने बाहेर जायचं, दुपारी समुद्राकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने परत यायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि कोणीच उठलं नाही. उठला एकटा तुझा बाबा. माझी बाजू राखायला उठला, लहानपणापासून त्याची हीच खोड. माळ्यावरचं जुनं शीड काढलं, तुझ्या आईने दोन ठिकाणी शिवून दिलं. मी म्हटलं, सदू, तीस वर्षं झाली रे शिडाला हात लावून. तर म्हणाला, "शीड काय मना नवीन हाय? तू निस्ता बघ." सहाव्या दिवशी सकाळी तो छोटी होडी घेऊन एकटा सुटला, आणि आम्ही किनाऱ्यावरून गणपतीला ओरडतो तसं ओरडलो.

त्या दिवशी दुपारी वारा फिरलाच नाही. जमिनीकडूनच येत राहिला, आणि बारानंतर तर जोर धरला. शीड उभं फाटलं ते आम्हाला धक्क्यावरून दिसलं. ओहोटी लागली होती. कोर्लईच्या डोंगराच्या बाहेर सदूची होडी सरकत चालली होती आणि तो वल्ही मारता मारता मधूनच गमछा हलवत होता. एवढ्या जवळ, की गमछ्याचा रंग कळत होता. कोणतीही इंजिनाची बोट अर्ध्या तासात त्याला घेऊन आली असती. पंधरा-वीस बोटी समोर उभ्या होत्या आणि एकीतही थेंब नव्हता. मीच तपासल्या होत्या. पोलिसांना फोन केला, त्यांची बोट लांबून निघाली. अंबाजीला रिक्षा घेऊन पंपावर पिटाळलं. तो कॅन घेऊन येईस्तोवर सव्वा तास गेला आणि बोट बाहेर पडली तेव्हा समोर नुसतं पाणी होतं. तिसऱ्या दिवशी दिघीकडून निरोप आला. पुढचं तुला माहीत आहे, तू आईजवळ बसली होतीस.

मग बाराव्याच्या सुमाराला डिझेल दोन-अडीच रुपयांनी उतरलं. कोणीतरी म्हणालं, सदूचा जीव कामी आला. बस्स, तेवढंच पुरलं. फटाके वाजले, मला शाल मिळाली, आणि तूही डोळे पुसून म्हणालीस, "बाबा गेले, पण भाव उतरला ना काका." मी मान हलवली. पोरी, ज्या गावात कोणी बहिष्कार घातला नव्हता तिथेही तेवढाच उतरला होता. बाहेर कुठेतरी तेल स्वस्त झालं होतं म्हणे. चार महिन्यांत होता त्याच्या वर गेला. तुझ्या बाबाच्या जिवाचा आणि त्या भावाचा काही संबंध नव्हता, आणि हे मला शाल घेतानाच कळलेलं होतं.

तेव्हापासून मी दुपारी बंदरावर जात नाही. लोकांना वाटतं वय झालं. खरं म्हणजे मला भीती वाटते. भर उन्हात खाडीच्या तोंडाशी फाटकं शीड दिसतं, आणि ते हलत नाही. बोट विकली, कारण टाकीचं झाकण मला उघडवत नव्हतं. जेवताना तुझा बाबा समोर येऊन बसतो. रागावत नाही, काही विचारत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तुझी आई अजून दर अमावस्येला मला आधी ताट पाठवते आणि म्हणते, गणाभावजी होते म्हणून आम्ही तगलो. तो घास मला गिळवत नाही, मी मांजराला घालतो.

आता ते सांगतो, जे फक्त तुझ्या काकीला माहीत आहे. माझ्या घरात, जाळ्यांच्या खोलीत, डिझेलचा भरलेला कॅन होता. पस्तीस लिटरचा. सभेच्या आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. कशासाठी, तर नवव्या दिवशी सगळे पंपावर रांगेत असताना माझी बोट पहिली सुटावी, बाजारात पहिली मासळी माझी यावी. एवढीच अक्कल. त्या दुपारी मी धक्क्यावरून घरी पळालो ते त्याच्यासाठीच. कॅनच्या कडीला हात घातला. आणि मला भिकूचे धरलेले कान दिसले. हा कॅन खांद्यावर घेऊन मी सगळ्यांच्या देखत कसा जाऊ? काकीने तो ओढून माझ्या पायाशी आणला. "न्या ना वो, बगताय काय?" मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?" तिने कॅनची कडी सोडून दिली. मी रिकाम्या हाताने परत आलो आणि अंबाजीला पंपावर पिटाळलं. तो सव्वा तास हा असा झाला.

लोक म्हणतात, सदू दमला, शेवटी त्याने वल्ही सोडली. तो दमला नव्हता. गमछा ठेवून तो कोर्लईच्या खडकाकडे जोर लावून वल्हवत होता, थोडं थोडं येतही होता. घरी पळायच्या आधी मी धक्क्याच्या टोकाला उभा राहून दोन्ही हात वर केले आणि खाली आणले. समुद्रावर आमची ही खूण आहे, थांब, आलो. मला कॅन आठवला होता, म्हणून मी ती केली. त्याने ती बघितली. हात हलवून होय म्हणाला, वल्ही आत घेतली आणि माझी वाट बघत बसून राहिला. रविवारी तू माझ्या हातात नारळ देणार आहेस, आणि मी शब्द दिला की तो पाळतो असं सगळ्यांना सांगणार आहेस. म्हणून लिहिलं, सोनल. माझ्यावर विसंबून बसू नकोस.

तुझाच, पण काका म्हणवून घ्यायच्या लायकीचा न उरलेला,
गणराज