मेंढरांकडचे रविवार

५ जाने., रवि.
अक्कांनी सकाळीच सांगितलं, आवर, बाहेर जायचंय. कुठे ते मी विचारलं नाही. हे गेल्यापासून गाडी खाली कव्हर घालून उभी होती. अक्का चालवणार म्हणाल्या. रिटायर झाल्यावर शिकल्या होत्या, शेजारी बसून धाकटा भाऊ, म्हणजे हेच, ओरडायचे म्हणून सोडून दिलं. आज शेजारी मी. आमच्या नल्लकुंट्याच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत दुसरा गिअरच.
अनंतगिरी. झाडी, धुकं, माकडं. डब्यात इडली नि शेंगदाण्याची चटणी. लोक दरीकडे पाठ करून फोटो काढत होते. मी दरी बघितली. हिरवी होती.
येताना अक्का : कसं वाटलं?
छान, म्हटलं.
काहीच वाटलं नव्हतं. सप्टेंबरात हे गेले तेव्हापासून असंच. रडूही आलेलं नाही. लोक म्हणतात, शोभा धीराची.

८ जाने.
मिहिरचा फोन, पुण्याहून. खोली तयार आहे, पडदेसुद्धा लावले. 'आता कायमचीच ये आई. तिथे कोण आहे तुझं?' अक्का शेजारीच मेथी निवडत होत्या. मि.चा आवाज मोठा, फोनबाहेर येतो. त्यांनी जुडी उचलली नि आत गेल्या.
बघते, म्हटलं त्याला.

१२ जाने., रवि.
नारायणखेडच्या रस्त्याला. तुरी काढून झालेल्या, काळी जमीन, मधेच करडईचा पिवळा तुकडा. एका वळणावर मेंढरांनी रस्ता भरला. सगळी काळी. अक्कांनी इंजिन बंद केलं. मेंढरं गाडीला घासून दोन्हीकडून जात राहिली, काचेवर ओल्या नाकांचे डाग.
मागून एक बाई आली, मल्लम्मा. आमच्याच वयाची, खांद्यावर घोंगडी. अक्का तेलुगूत बोलल्या, तिने आमचं ऐकून मराठी काढली : घर इथंच हाय, पाणी पिऊन जावा.
घर म्हणजे पत्रा, पुढे ओटा. ओट्यावर चरखा, शेजारी लोकरीचा ढीग. मला म्हणाली, हात घाल. घातला. तेलकट, गरम. वास घरी येईपर्यंत बोटांना होता. दोनदा हात धुतले, मग नाही धुतले.

१४ जाने., संक्रांत
समोरच्यांकडे हळदीकुंकू. दरवर्षी बोलवायला यायच्या. आज जिन्यात दिसल्या तर चपला शोधत राहिल्या.
अक्कांनी खिडकी लावली. म्हणाल्या, 'मला तर कधीच बोलावलं नाही. लग्न नाही केलं ना. मी इथूनच सगळ्यांच्या साड्या बघायची.' मग तीळगूळ घेऊन आल्या, माझ्या हातावर ठेवला. गोड बोलायचं दोघीही विसरलो.

१९ जाने., रवि.
मल्लम्माकडे कातरणी. मेंढरं आदल्या दिवशी तळ्यात धुऊन काढलेली. बाप्ये गोल करून बसले होते, मोठाल्या कात्र्या. एकेक मेंढी आडवी करायची, पाय बांधायचे, नि लोकर एका अंगाने सोलल्यासारखी निघते. मेंढी सुटली की उडी मारून उठते. एवढीशी होते, लाजल्यासारखी.
एका मेंढीचं कोकरू तिला ओळखेना. ती जवळ गेली की ते मागे सरके नि दुसरीकडे तोंड करून ओरडे. ती त्याच्यामागून फिरत राहिली. किती वेळ. शेवटी त्याने वास घेतला, गुडघे टेकले, प्यायला लागलं. मल्लम्मा हसली. मीही हसले बहुतेक.
वळून बघितलं तर अक्का नाहीत. गाडीच्या मागे चाकाला टेकून खाली बसलेल्या, तोंडाला पदर लावून. आवाज न करता रडत होत्या. खांदे नुसते हलत होते.
'मी त्याला कडेवर घेऊन शाळेत सोडायची,' म्हणाल्या.
हे गेले तेव्हा घरी आलेलं प्रत्येक माणूस माझ्यापाशी बसलं होतं. त्या आत चहा करत होत्या. तेरा दिवस.
पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून दिलं. शेजारी बसले. साडीला गोखरू लागले दोघींच्या.

२० जाने.
अक्का नेहमीसारख्या. कालचं कोणी काढलं नाही. आबिड्सला जाऊन पोस्टातलं काम केलं, येताना हिमायतनगरला त्यांच्या चष्म्याची दांडी बसवून घेतली. संध्याकाळी त्या पेपर वाचत बसल्या नि मी समोर. दिवा लावायचं राहिलं.

२६ जाने., रवि.
सूत कातायला शिकले. म्हणजे तुटतंच. जोर लावला की तुटतं, सैल सोडलं की गाठी. मल्लम्माने माझं मनगट धरून फिरवलं. तिच्या मुलाला हे काम नको, पटणचेरूला कंपनीत आहे. 'लोकर कुणी इचारत न्हाय. उकिरड्यावर टाकत्यात लोकं. मला टाकवत न्हाय.'
अक्कांना तिने तेलुगूत विचारलं, ही तुझी कोण? मला कळत नाही असं वाटलं असावं. अक्का म्हणाल्या, आम्ही एका घरातल्या.
भावाची बायको म्हणाल्या नाहीत.

१ फेब्रु., शनि.
मि. आलाय. वाळलीस म्हणाला. सामान कोणतं न्यायचं ते ठरवू या म्हणाला. अक्कांनी त्याच्यासाठी वांगी आणून बगारा बैंगन केलं, लहानपणी आवडायचं. दोनदा वाढून घेतलं त्याने.

२ फेब्रु., रवि.
मि.लाही नेलं. पळस कुठे कुठे पेटायला लागलाय. तो ओट्यावर फोनला रेंज शोधत फिरला. मग माझ्याकडे बघत उभा राहिला. मी कातत होते.
'हे काय करतेस आई?'
'सूत.'
'कशासाठी?'
मी तुटलेलं टोक जोडून घेतलं.
घरी आल्यावर अक्कांना म्हणाला, आत्या, तुम्हीच समजवा हिला. अक्का म्हणाल्या, 'तिलाच विचार. तिला तोंड आहे.'
जाताना दोघींच्या पाया पडला. चांगला आहे. पुढच्या रविवारी नक्की सांग, तिकीट काढतो म्हणाला. फक्त हो म्हण.
रिक्षा वळेपर्यंत हात हलवत होता. आत काही हललं नाही. आपल्याच मुलाच्या बाबतीत असं. याची भीती वाटली. भीती तरी वाटली.

५ फेब्रु.
कपाट उघडलं. ह्यांचे शर्ट. बंद केलं.

९ फेब्रु., रवि.
गेलो. मल्लम्मा तापाने पडलेली, ओट्यावरचा चरखा आत घेतलेला. बसलो थोडं तिच्याजवळ. येताना रस्त्यात चहाला थांबलो. समोर शेतात बैल सोडलेले, कोवळं ऊन जाऊन चटका लागायला लागलेला.
अक्का : तुला जायचंय का?
'माहीत नाही. जावंसं वाटत नाही नि राहावंसंही वाटत नाही. मला काहीच वाटत नाही, अक्का. हे गेले तेव्हाही नाही.' पहिल्यांदाच बोलले कोणाशी.
त्यांनी ग्लास खाली ठेवला. 'मग वाटेपर्यंत थांब.'
गाडीत बसलो. किल्ली लावली पण फिरवली नाही त्यांनी. समोर बघत म्हणाल्या, 'थांब म्हणते ते माझ्यासाठी गं. तुझ्यासाठी नाही.'
मग चालू केली. संगारेड्डीच्या पुढे ट्रॅफिक.

संध्याकाळी मि.चा फोन. आत्ता सांगता येत नाही, म्हटलं.
'मग कधी?'
'तेही नाही सांगता येत.'
रागावला नाही, थकल्यासारखा वाटला. जेवलीस का, विचारलं त्याने. अजून नाही, म्हटलं. जेव मग, म्हणाला.
स्वैपाकघरातून अक्कांनी विचारलं, तांदूळ किती घालू?
दोघींचे, म्हटलं. सकाळी फोडणीला उरतील एवढे.