घड्याळ तुमचंच निघालं

अहो,

तुम्ही गेलात हे या घरात बोलायची मला बंदी आहे. म्हणून तुम्हालाच लिहिते. दुसऱ्या कुणाला लिहू?

कोकणातल्या पुलाच्या कामावरून तुमचा मुकादम आला. नदीत सापडलेल्या माणसाच्या मनगटावर होतं असं सांगत त्याने घड्याळ पुढे ठेवलं. चेहरा ओळखू येत नव्हता, तिथेच अग्नी दिला म्हणाला. पोहता येत नव्हतं तुम्हाला, मग पाण्याजवळ गेलातच कशाला?

मामंजींनी घड्याळ उलटंपालटं केलं. "ह्ये आमच्या पोराचं न्हाई. त्येचा पट्टा काळा व्हता. काटं बी येगळं हैत." आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, मला बजावलं, "कुकू पुसायचं न्हाई."

गेल्या बाजाराला मी आणि मामंजी उत्रोलीहून भोरला घड्याळजींकडे गेलो. लष्करातून सुटलेल्या माणसाकडून तुम्ही ते जुनं घेतलंत, तेव्हा त्यांनीच पारखलं होतं ना! त्यांनी भिंग लावलं. पट्टा नवा, काच नवी, एक काटा बदललेला. मामंजी दर वेळी म्हणत, "म्हंजी त्येचं न्हाई." मलाही वाटलं, खरंच नसेल!

मग घड्याळजींनी चावी बोटांत धरली. "ही मूळची नव्हे. ती लावणीच्या चिखलात गेली, म्हणून दुसऱ्या घड्याळाची मीच बसवली. मोठी पडतेय म्हटलं, तर चालंल म्हणाला तो. तबकडी, यंत्र तेच आहे. घड्याळ त्याचंच."

"परत बघा की," मामंजी म्हणाले. घड्याळजींनी परत बघितलं. त्याचंच, म्हणाले.

मला काहीच वाटलं नाही. समोर बाजार भरला होता. मी मिरच्या घेतल्या.

घरी आत्याबाई दारातच उभ्या. "काय म्हनला त्यो?"

मामंजी पाय धुता धुता म्हणाले, "दुसऱ्याचं निघालं."

त्या देवापुढे दिवा लावायला धावल्या. मी मिरच्या सुपात ओतल्या.

तेव्हापासून रोज सकाळी कुंकू लावते. आत्याबाई तुमची गोधडी उन्हात टाकतात, दिवाळीला येतील म्हणतात. मामंजी माझ्याकडे बघत नाहीत. मला रडू येत नाही. हात आपले भाकऱ्या थापतात. रागावलात का हो?

आज गोठ्यात मामंजींना विचारलं, "आसं किती दिस?"

"भात घरात यिऊ दे, पोरी. तवर तिला जगू दे."

भात घरात येईल. मग मामंजींच्याने ते होणार नाही, हे मला ठाऊक आहे. आत्याबाईंना चुलीपुढे बसवून, त्यांचे दोन्ही हात धरून मीच सांगेन. आणि त्या रडतील तेव्हा तिथून उठणार नाही. एवढा शब्द देते.

तुमची,
सरू