न वाचलेला एक

रविवार, दुपार

प्रिय हे-रानताई,

बाबांच्या श्राद्धाला तू सुक्या पर्सिमन फळांचं खोकं पाठवलंस, त्यावरचा पत्ता मी आईच्या नकळत उतरवून घेतला होता. असा चोरून घेतलेला पत्ता वापरावा की नाही, यात चार दिवस गेले. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. शेवटी असं ठरवलं की पत्र न उघडता परत पाठवता येतं, म्हणजे तुझ्यावर जबरदस्ती होत नाही. तेवढ्या आधारावर लिहिते आहे.

आई बरी आहे. मागच्या आठवड्यात तिनं आणि धाकट्या आत्यानं मिळून साठ कोबींची किमची घातली. मी शनिवारी गेले तेव्हा दोघींचे हात कोपरापर्यंत तिखटानं लाल झाले होते. आत्या म्हणाली, "मास्तरीणबाई, नुसतं बघताय काय? बसा मुळे चिरायला!" मी बसले. पण एकही गोष्ट नीट ऐकली नाही, कारण उद्या, सोमवारी, मला शिक्षण कार्यालयाच्या समितीसमोर उभं राहायचं आहे. घरी हे कुणालाच माहीत नाही. तुला सांगते.

मी इथे सहावीच्या वर्गाला शिकवते. तेवीस मुलं आहेत. नोकरी कंत्राटी, फेब्रुवारीपर्यंतची. मार्चमध्ये वर्ग सुरू झाला आणि दोनच आठवड्यांत मुलांनी एका मुलाची भयंकर थट्टा केली. सगळ्यांनी मिळून त्याला एका ग्रुपमध्ये घेतलं आणि ठरवून एका मिनिटात सगळे बाहेर पडले. तो एकटाच राहिला आणि रात्रभर विचारत बसला, "कुठे गेलात रे?" दुसऱ्या दिवशी त्यानं मला फोन दाखवला. मी प्रशिक्षणाला गेले, पुस्तिका वाचल्या, आणि एप्रिलमध्ये वर्गात एक तास घेतला. दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय टाकायचा नाही. रात्री नऊनंतर मेसेज नाही. जे तोंडावर बोलणार नाही ते लिहायचं नाही. हे तीन नियम पुस्तिकेतले होते. चौथा माझा. वर्गाच्या ग्रुपमधून कुणी बाहेर पडायचं नाही आणि कुणाला बाहेर ठेवायचं नाही. एकानं विचारलं, "बाई, बाथरूमला जायची तरी परवानगी आहे ना?" सगळे हसले, मीही हसले. नियम स्वच्छ अक्षरात लिहून भिंतीवर लावले.

हा चौथा नियम कुठून आला ते तुला सांगायला नको. पहिली दोन वर्षं माझी छाती अधू म्हणून मला बेटावरून बोटीनं शाळेत पाठवलं नाही, आणि आपल्या स्वयंपाकघरातलं बुटकं मेज हीच माझी शाळा होती. तू मला घरातल्या माणसांची नावं लिहायला लावायचीस. एक नाव राहिलं की सगळी पुन्हा लिहायची. आणि जेवताना आजोबांनी चमचा खाली ठेवेपर्यंत कुणी उठायचं नाही. मला वाटत आलं की माणसं सांभाळायची म्हणजे हेच. सगळ्यांना बसवून ठेवायचं.

रोज संध्याकाळी ग्रुपमध्ये तेवीस जण आहेत ना, हे बघायचं काम मी छे-रिनला दिलं. ती वर्गाची मॉनिटर. अतिशय इमानदार पोरगी, खडूचा तुकडा सापडला तरी आणून देणारी. मी स्वतः त्या ग्रुपमध्ये नव्हते. मुलांना त्यांची जागा हवी, मोठ्यांनी कान लावू नये, असं मला वाटलं. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये काय घडलं ते मला शेवटी कळलं.

दा-इन नावाची एक मुलगी ग्रुपमधून बाहेर पडली. अबोल आहे, खिडकीशी बसते. छे-रिननं नियमाप्रमाणे तिला परत घेतलं. ती पुन्हा बाहेर पडली, छे-रिननं पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा कुणीतरी लिहिलं, "कैदी पळाला, पकडा!" मग खेळच झाला. "कैदी क्रमांक सतरा, आज जेवायला काय वाढू?" "अहो जेलरबाई, कुलूप नीट लावा की!" एका संध्याकाळी चौदा वेळा ती बाहेर पडली आणि चौदा वेळा आत ओढली गेली. दुसऱ्या दिवसापासून दा-इन शाळेत आली नाही. आज तिसरा आठवडा चालू आहे.

तिच्या आईनं तक्रार केली. स्क्रीनशॉटवर चौदाही वेळा नाव एकच आहे, छे-रिनचं. शाळेच्या कार्यालयात तिला बसवून विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "नियम होता." कुणाचा, ते सांगितलं नाही. मी तिच्या शेजारीच बसले होते, ताई. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मीही गप्प राहिले.

शुक्रवारी उपमुख्याध्यापक नामगुंग सरांनी मला चहाला बोलावलं. फार मऊ बोलतात ते. "हे-जू बाई, तुम्ही तरुण आहात. नियम चांगल्या हेतूनं केला होता, तो पोरांनी वाकडा वापरला, त्याला तुम्ही काय करणार? भिंतीवरचा तो कागद मी काही पाहिलेला नाही. तुम्हीही कशाला पाहता? पुढच्या वर्षीच्या नेमणुका याच महिन्यात ठरतात." वर्गात परत आले तेव्हा भिंतीवर कागद नव्हता. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे तेवढे राहिले होते.

म्हणजे उद्या मी बोलले नाही तर छे-रिनच्या नावावर छळाची नोंद होणार. बोलले तर मार्चपासून मला नोकरी नाही, आणि आईला काय सांगायचं हा प्रश्न. सकाळपासून खोलीत बसून आहे. किमची काढली आणि उभ्यानंच दोन घास खाल्ले. बोलायचं हे ठरलंय माझं. तरी भीती वाटते. इथे असं कुणी नाही की ज्याला "मला भीती वाटते" एवढंच सांगावं.

मंगळवार

रविवारी इथपर्यंत लिहून ठेवून दिलं. काल जाऊन आले.

लांब मेज होतं, पाच माणसं, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. छे-रिनची आई कोपऱ्यात, काळा कोट अंगावर तसाच ठेवून बसली होती. माझी पाळी आली तेव्हा मी आधी पाठ केलेलं सगळं विसरले. एवढंच म्हणाले की नियम माझा आहे, मोजायचं काम मीच दिलं, कागदही माझ्या अक्षरात होता, तो आता भिंतीवर नाही. नामगुंग सर हातातलं पेन उघडत-मिटत राहिले. छे-रिन इतका वेळ ताठ बसली होती, ती ढसाढसा रडायला लागली. तिची आई उठून माझ्याकडे आली. वाटलं, आता बोलणार. पण तिनं नुसता रुमाल पुढे केला. तेव्हा कळलं की मीही रडत होते.

समितीत एक वयस्क बाई होत्या, बहुतेक निवृत्त परिचारिका. शेजारच्या खोलीत बसवलेल्या दा-इनकडे जाऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो तीन आठवड्यांत आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. बाळ, तू बाहेर का पडत होतीस?

दा-इनची आई सार्वजनिक स्नानगृहात अंग घासून देण्याचं काम करते. शाळा सुटली की दा-इन तिथेच जाते, अभ्यास करते, टॉवेलांच्या घड्या घालते. आत फोन नेता येत नाही, बायका अंघोळ करत असतात. तो संध्याकाळपर्यंत कपाटात बंद. इकडे ग्रुपमध्ये प्रत्येक मेसेजशेजारी अजून किती जणांनी वाचलेलं नाही त्याचा बारीक आकडा दिसतो. सगळ्यांनी वाचलं की तो जातो. आमच्या वर्गात तो कधीच जायचा नाही. एकावर येऊन थांबायचा. "हा एक कोण ग?" "दुसरी कोण, महाराणी! राजवाड्यात असते, फोनला हात लावत नाही." आई काय काम करते ते तिला वर्गात सांगायचं नव्हतं. तिनं त्या बाईंना सांगितलं, "मी निघून गेले की तो एक राहत नाही. मग कुणाचं माझ्यावाचून अडत नाही."

ताई, तिला कुणाशी भांडायचं नव्हतं. आपल्यामुळे कुणाला थांबावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि मी दाराशी पहारेकरी उभी केली.

छे-रिनची नोंद होणार नाही. मला लेखी समज मिळाली. नामगुंग सर जिन्यात भेटले, माझ्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा देऊन गेले, म्हणजे काय ते तू समजून घे. आज सकाळी वर्गात मी चौथा नियम मागे घेतल्याचं सांगितलं आणि माफी मागितली. मग एकेक कोरी चिठ्ठी देऊन, नाव न घालता, आपण कोणत्या वेळी फोन बघू शकत नाही ते लिहायला सांगितलं. हजर असलेल्या बावीसपैकी एकोणीस जणांनी काही ना काही लिहिलं. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, बाबा घरी असले की. दा-इन गुरुवारपासून येणार आहे. ग्रुपमध्ये यायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

काल बसमधून परतताना मला तुझीच आठवण येत होती, आणि ती चांगली आठवण नव्हती. दोन वर्षांपूर्वी चुसोक सणाच्या दिवशी तू आपल्या घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस. आत्यानं नुकतंच लिहिलं होतं, "हे-रान, यंदा तरी पाळण्याची बातमी दे, नाहीतर जावईच दुसरीकडे बघेल बरं का!" काकांनी त्याखाली हसरे चेहरे टाकले होते. मीही एक टाकला होता. तू गेलीस. आई म्हणाली, "घे तिला परत, घरातलं माणूस बाहेर शोभत नाही," आणि मी तुला परत घेतलं. सहा वेळा, ताई. काल रात्री जुना फोन काढून मोजलं. प्रत्येक वेळी खाली माझं नाव आहे. सातव्यांदा तुझा नंबरच बंद लागला, आणि आम्ही म्हणालो, किती हट्टी आहे ही. आज आईनं फोनवर पुन्हा सुचवलं की तुझा नवा नंबर कुठून तरी मिळव. मी नाही म्हटलं. तिला हेही सांगितलं की यापुढेही मिळवणार नाही. तिनं फोनच ठेवून दिला. पण सहा वेळा तुला आत ओढताना एक प्रश्न मी तुला एकदाही विचारला नाही. तो विचारायला हे पत्र आज पुरं केलं. परत ये म्हणून नाही, आईसाठीही नाही, आणि उत्तर मी कुणाला दाखवणार नाही. ताई, त्या दिवशी तुला काय झालं होतं?

तुझीच,
हे-जू