रजिस्टरं जपायची कशाला?

३ मार्च, सोमवार
शुक्रवारी टीम लीड निवडणार. मीच. कर्नलमधला, म्हणजे सगळे प्रोग्रॅम चालवणाऱ्या गाभ्यातला, डेटा तपासायचा चेकसमचा कोड वेक्टर रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरमधले आकडे ठेवायचे मोठे कप्पे, वापरून नव्याने लिहिला. तिप्पट वेग! साहेब बघतच राहतील.

सायंकाळी ५. चष्मेवाली समोरच्या टेबलावर बसते, माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेली. म्हणे, त्या रजिस्टरांत चालू प्रोग्रॅमचे अर्धवट आकडे असतात. कर्नलने ते आधी जपून ठेवायचे, काम झालं की परत भरायचे. मला शिकवते! जपण्यात वेळ जातो. मी जपणार नाही.

४ मार्च
टेस्ट हजार वेळा चालवली, हजार वेळा पास. मशीनवर दुसरं काहीच चालू ठेवलं नव्हतं, उगाच कोणाची लुडबुड नको. चष्मेवालीचं म्हणणं, रिकाम्या घरात सामान हलवलं तर तक्रार करणार कोण? जळते मेली. कोड दुपारीच सगळ्या मशीनवर चढवला.

५ मार्च
आज मजा! चष्मेवालीच्या प्रोग्रॅमने पेटलेल्या भट्टीचं सरासरी तापमान उणे चारशे दाखवलं. गिऱ्हाईक खवळलंय. सगळ्यांना मेल टाकली: ज्यांना साधी सरासरी काढता येत नाही, त्यांनी इतरांना अक्कल शिकवू नये.

घरी बायकोला सांगितलं. कालपर्यंत बरोबर येत होतं, मग काल बदललं काय, असं तिने विचारलं. घरातही शत्रू.

६ मार्च
डिझाइनवाल्याची वर्तुळं वाकडी येतात. टेस्टरचे टक्के शंभराच्या वर जातात. ऑफिसात एकाला धड काम येत नाही. लीड झालो की सगळ्यांना सरळ करणार.

७ मार्च, शुक्रवार
साहेबांनी सगळ्यांसमोर माझा कोड काढला. भट्टी आठशे चाळीसवर आली. परत घातला, उणे चारशे. असं तीनदा केलं. एकदा पुरलं असतं, बाकी दोनदा निव्वळ माझा पाणउतारा. मग माझी मेल मोठ्याने वाचली.

लीड: चष्मेवाली. वशिला असणार.

१० मार्च
नव्या लीडबाईंचा पहिला हुकूम: दोन ओळी घाला. सुरुवातीला आकडे जपायचे, शेवटी परत भरायचे. दोन ओळींचं एवढं कौतुक! तरी मोठ्या मनाने घालून तपासायला पाठवला.

सायंकाळी ६. कोड तपासून आला. परत भरायची ओळ मी घातलीच नव्हती. ती ओरडेल म्हणून चार उत्तरं तयार ठेवली होती. चारही वाया गेली. ओळ तिनेच घातली आणि खाली नाव माझंच राहू दिलं.

याचा सूड कसा उगवायचा, तेच सुचत नाहीये.